४४३० चा पट्टा दर वेळी वेगळा का भरतो?

ताऱ्यांमधल्या विरळ वायू-धुळीतून येताना ताऱ्याच्या प्रकाशात काही गडद पट्टे उमटतात, ते आंतरतारकीय पट्टे. ४४३० हा त्यांतलाच एक रुंद पट्टा, अँगस्ट्रॉममधल्या तरंगलांबीवरून नाव पडलेला. लक्षण असं असतं. एकाच ताऱ्याचे दोन स्पेक्ट्रम, एक मागच्या हिवाळ्यातला आणि एक यंदाचा. सोडियमच्या आंतरतारकीय डी रेषा दोन्हींत तंतोतंत जुळतात, ५७८० अँगस्ट्रॉमचा पट्टाही जुळतो. ४४३० चा रुंद पट्टा मात्र एकात १.१ अँगस्ट्रॉम भरतो आणि दुसऱ्यात ०.६. (हे माप म्हणजे इक्विव्हॅलंट विड्थ: पट्ट्याने कापलेल्या प्रकाशाएवढ्याच, पूर्ण काळ्या पट्टीची रुंदी. पुढे नुसतं 'विड्थ' म्हणेन.) मग प्रोजेक्ट करणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न येतो: मधला ढग बदलला का?

नाही बदलला. तारा आणि आपण यांच्यामधलं ते द्रव्य वर्षभरात निम्मा पट्टा गायब होण्याइतकं हलत नाही. बदललाय तो तुमचा कंटिन्यूअम, म्हणजे पट्टा नसता तर प्रकाशाची जी पातळी असती ती, जिच्यापासून खोली मोजतात.

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये, अर्काइव्हमधला डेटा घेऊन काम करणाऱ्यांत आणि हौशी स्पेक्ट्रोग्राफवाल्यांतही ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. ४४३० हे जुनं गोल नाव. केंद्र खरं तर ४४२८ च्या आसपास आहे. तुम्ही रेषा ४४३० ला नेऊन बसवलीत तर तिथेच दोन अँगस्ट्रॉमची चूक होते, तेवढं सांभाळा.

आधी ही एक चाचणी

काहीही दुरुस्त करायला घेण्याआधी त्याच दोन फायलींतून ५७८० मोजा. हा पट्टा अर्ध्या खोलीवर जेमतेम दोन अँगस्ट्रॉम रुंद आहे, त्यामुळे त्याच्या दोन्ही खांद्यांवर, अगदी जवळ, कंटिन्यूअम टेकवता येतो. (त्याच्याखाली ५७७९ चा एक रुंद, उथळ पट्टा पसरलेला आहे. खांदे जवळचेच घ्या, म्हणजे तो मोजणीत येत नाही.) ५७८० दोन्ही रात्री सारखा आणि ४४३० वेगळा, असं दिसलं तर दोष रिडक्शनमध्ये, म्हणजे कच्च्या डेटावरच्या तुमच्या प्रक्रियेत आहे. दोन्ही सारख्याच प्रमाणात बदलले असतील तर भलत्या ताऱ्याची फाइल उघडली आहे का ते बघा. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

अरुंद पट्ट्यांना जी पुण्याई लाभली आहे ती रुंद पट्ट्यांना नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. १९२० च्या सुमारास लिक वेधशाळेत मेरी ली हेगरला ५७८० आणि ५७९७ दिसले, आणि १९३० च्या दशकात माउंट विल्सनला पॉल मेरिलने ते आंतरतारकीय असल्याचं पक्कं केलं. त्यातला मुख्य आधार असा, की जोडताऱ्याच्या स्वतःच्या रेषा कक्षेनुसार मागेपुढे सरकतात, आणि हे पट्टे सरकत नाहीत. ४४३० ला ही कसोटी लावायला जा. पट्टा १७ अँगस्ट्रॉम रुंद, म्हणजे वेगाच्या भाषेत सेकंदाला ११५० किलोमीटर. तारा शंभर किलोमीटरने हलला तरी सरकणं होतं दीड अँगस्ट्रॉम. एवढ्या पसरट गोष्टीत दीड अँगस्ट्रॉम डोळ्याला कळतच नाही. म्हणून अरुंद पट्ट्यात जी चूक लगेच उघडी पडते, ती रुंद पट्ट्यात बिनबोभाट खपून जाते.

पट्ट्याचे पंख

दोष नेमका कुठे शिरतो हे आकड्यांत बघू. ४४२८ चा आकार गाउसियन (घंटेसारखा, कडांना लवकर संपणारा) नाही, लॉरेंट्झियन आहे. थिओडोर स्नो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बऱ्याच ताऱ्यांवर हा आकार तपासला. लॉरेंट्झियनचे पंख लांबवर पसरतात. अर्ध्या खोलीवरची रुंदी १७ धरली, तर केंद्रापासून दोन्ही बाजूंना २० अँगस्ट्रॉमपर्यंत पट्ट्याचं ७४ टक्के क्षेत्रफळ येतं. तितक्याच रुंदीचा गाउसियन असता तर तिथवर ९९ टक्क्यांहून जास्त आलं असतं.

आता नेहमीचा उद्योग काय असतो? पट्टा बघायचा, जिथे तो "संपल्यासारखा" वाटतो तिथे, म्हणजे ४४०८ आणि ४४४८ ला, कर्सर ठेवायचा, सरळ रेषा ओढायची आणि मधलं क्षेत्रफळ घ्यायचं. त्या दोन टोकांना पट्टा अजून त्याच्या खोलीच्या १५ टक्के शिल्लक आहे. तुम्ही ती पातळी शून्य मानली. बाहेरचे २६ टक्के गेले, आणि आतूनही १५ टक्के खोलीचा, ४० अँगस्ट्रॉम लांबीचा एक आयत कापला गेला. हिशेब केला तर हातात उरतात ५१ टक्के. खरा पट्टा १.१ चा असेल तर उत्तर येईल ०.५७. वरचं १.१ आणि ०.६ आठवा.

दोन वर्षांत दोन वेगळ्या मुलांनी कर्सर वेगळ्या जागी ठेवले, एवढंच पुरतं.

पावसाळ्यात रस्त्यावरचा खड्डा किती खोल हे सांगायचं तर आधी रस्ता कुठे होता ते माहीत लागतं. इथे रस्ताच लाटांचा आहे. ६० अँगस्ट्रॉमच्या खिडकीत कंटिन्यूअम एक टक्क्याने वरखाली झाला, तर इक्विव्हॅलंट विड्थमध्ये ०.६ अँगस्ट्रॉमचा फरक पडतो. ढोबळमानाने ई(बी-व्ही) च्या, म्हणजे धुळीमुळे ताऱ्याचा प्रकाश किती तांबडा झाला (रेडनिंग) त्या मापाच्या, एका मॅग्निट्यूडमागे ४४२८ ची दोनेक अँगस्ट्रॉम विड्थ येते. म्हणजे ०.३ रेडनिंगच्या ताऱ्याचा अख्खा पट्टा आणि एक टक्क्याची चूक सारख्याच मापाची. कमी रेडनिंगच्या ताऱ्यावर हा पट्टा मोजायचा प्रोजेक्ट कुणी घेतला असेल तर मी सरळ तारा बदलायला सांगतो.

स्प्लाइनने खाल्लेला पट्टा

दुसरा आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार: आपोआप होणारं नॉर्मलायझेशन, म्हणजे स्पेक्ट्रमला कंटिन्यूअमने भागून पातळी एकवर आणणं. जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे. तिच्या आयएफओएससी या स्पेक्ट्रोग्राफमधलं सात नंबरचं ग्रिझम (प्रकाश रंगांत पसरवणारा जाळीदार लोलक) साधारण ३८०० ते ६८४० अँगस्ट्रॉम देतं. त्या ३०४० अँगस्ट्रॉमवर आयराफ या डेटा-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमधल्या कंटिन्यूअम टास्कने क्यूबिक स्प्लाइन (तुकडे जोडून केलेला गुळगुळीत वक्र) बसवला आणि तुकडे २५ दिले, तर एक तुकडा १२० अँगस्ट्रॉमचा होतो. ऐकायला हे १७ पेक्षा पुष्कळ मोठं वाटतं. पण पंखांसकट पट्टाही शंभर-सव्वाशे अँगस्ट्रॉममध्ये पसरलाय. खालच्या बाजूचं रिजेक्शन (वक्राच्या फार खाली पडणारे बिंदू वगळणं) कडक ठेवलं की मधला खोल भाग फिटमधून वगळला जातो, म्हणून पट्टा वाचला असं वाटतं. पंख मात्र उथळ असतात, रिजेक्शनच्या मर्यादेच्या आत बसतात, आणि स्प्लाइन त्यांना कंटिन्यूअम समजून खाली वाकतो. नॉर्मलायझेशननंतर पट्टा सुबक, आटोपशीर, गाउसियनसारखा दिसतो. तो तसा सुबक दिसायला लागला की समजा पंख गेले.

पायथनमध्ये मिडियन फिल्टर फिरवून कंटिन्यूअम काढणाऱ्यांचंही हेच होतं. खिडकी १०१ पिक्सेलची घेतली, पण एक पिक्सेल किती अँगस्ट्रॉमचा हे बघितलंच नाही.

उपाय असा. या कामासाठी अख्खा स्पेक्ट्रम नॉर्मलाइज करूच नका. ४३०० ते ४५५० एवढाच भाग घ्या. एक सरळ रेषा (फार तर दुसऱ्या घाताची बहुपदी) आणि एक लॉरेंट्झियन असं दोन्ही एकाच वेळी फिट करा. आधी कंटिन्यूअम, मग पट्टा, अशी दोन टप्प्यांची पद्धत रुंद पट्ट्यांना लागू पडत नाही. रेषेला आधार हवा तो ४३६५ च्या जवळ आणि ४४९५ ते ४५०५ च्या पट्टीत. तिथे ४४२८ खोलीच्या दोन टक्क्यांच्या आत उतरलेला असतो. मुख्य क्रमातल्या बी ताऱ्यांत हायड्रोजनच्या ४३४० रेषेचे पंख ४३६५ पर्यंत पोचतात, तेव्हा तिथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. महाराक्षसी ताऱ्यांत ही अडचण कमी.

आणि काहीही करा, पण ही एक तपासणी चुकवू नका: रेडनिंग जवळपास नसलेल्या ताऱ्याच्या कच्च्या स्पेक्ट्रमला स्वतः केलेल्या लॉरेंट्झियनने गुणा. विड्थ १.०० अँगस्ट्रॉम आणि रुंदी १७ घेतली तर मध्यभागी खोली ३.७ टक्के येते. मग ती फाइल तुमच्या नेहमीच्या साखळीतून, त्याच स्प्लाइनसकट, बाहेर काढा. १.०० घातलं आणि ०.५५ आलं, तर तुमची पद्धत किती खाते ते कळलं. तोच तारा काहीही न घालता चालवा, तिथे ०.१५ आलं तर ती तुमची शून्याची चूक. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि मार्गदर्शकांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यात मिळतात.

एशेलवाल्यांसाठी

जास्त रेझोल्यूशन म्हणजे जास्त चांगला डेटा, हा समज रुंद पट्ट्यांनी मोडीत काढला आहे. एशेल स्पेक्ट्रोग्राफमध्ये प्रकाश छोट्या-छोट्या ऑर्डरमध्ये कापला जातो. एका ऑर्डरचा स्वतःचा वाटा म्हणजे तरंगलांबी भागिले ऑर्डरचा क्रमांक. शंभराव्या ऑर्डरच्या आसपास असाल तर ४४३० भागिले १००, म्हणजे ४४ अँगस्ट्रॉम. पंखांसकट पट्टा त्यात मावतच नाही. प्रत्येक ऑर्डरची चमक मध्ये जास्त आणि कडांना कमी असते. ती कमान हॅलोजन दिव्याच्या फ्लॅटने काढतात, पण ताऱ्याचा आणि दिव्याचा प्रकाश उपकरणातून अगदी एकाच वाटेने जात नाही, आणि रात्रीत तापमान उतरलं की कमान थोडी सरकते. उरलेला एक-दोन टक्क्यांचा फुगवटा नेमका पट्ट्याच्या मापाचा असतो. शेजारच्या दोन ऑर्डर जोडताना सांधा ४४२८ वर आला तर मग बोलायलाच नको.

ओळखायची खूण: सापडलेला "पट्टा" ज्या ऑर्डरमध्ये, त्याच्या वरच्या आणि खालच्या ऑर्डरमध्येही त्याच पिक्सेलच्या जवळ तसाच खळगा दिसतो का बघा. दिसला तर तो उपकरणाचा. दुरुस्ती करायची तर शेजारच्या चार-पाच ऑर्डरमधून कमानीचा आकार काढून तो मधल्या ऑर्डरला लावायचा. मुख्य ऑर्डरमध्ये स्वतंत्र फिट अजिबात नाही.

माझं मत विचाराल तर ४४२८, ४८८२, ६१७७ असल्या पट्ट्यांसाठी साधा लाँग स्लिट (लांब फटीचा, ऑर्डर न कापणारा स्पेक्ट्रोग्राफ) बरा. १३०० च्या आसपास रेझोल्यूशन असलं तरी ४४३० ला ते साडेतीन अँगस्ट्रॉम होतं, १७ च्या पट्ट्याला तेवढं पुरून उरतं. तमिळनाडूतल्या कवलूरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीचं एशेल ५७९७ च्या बारीक रचनेसाठी राखून ठेवा. लाँग स्लिटमध्ये वातावरणाच्या वक्रीभवनाने निळा प्रकाश स्लिटबाहेर सांडतो ही भीती या कामात अनाठायी आहे. तो दोष हळूहळू उतरणारा असतो, १७ अँगस्ट्रॉमचा खळगा करत नाही. दिव्यापुढे निळा तोल साधायला लावलेला फिल्टर मात्र करू शकतो. तो आहे का, एवढं वेधशाळेतल्या तंत्रज्ञांना विचारून घ्या.

ताऱ्याच्या स्वतःच्या रेषा

४४२८ च्या अंगावरच ऑक्सिजनच्या ४४१५ आणि ४४१७ या रेषा आहेत, लाल बाजूला हेलियमची ४४३७.६, पुढे नायट्रोजनची ४४४७. कोणत्या रेषा किती खोल हे ताऱ्याच्या प्रकारावर ठरतं. मघाचा ४४४८ चा कर्सर नायट्रोजनच्या कुशीत पडतो, बघा.

रेषा झाकून फिट करता येतो, पण उत्तम म्हणजे त्याच वर्णपटीय प्रकाराच्या आणि त्याच तेजस्विता वर्गाच्या, रेडनिंग नसलेल्या ताऱ्याने भागणं. पट्ट्यांच्या अभ्यासात ज्याचं नाव सतत येतं तो एचडी १८३१४३ घ्या: बी७ च्या आसपासचा महाराक्षसी तारा, ई(बी-व्ही) १.२७. त्याला जोड राजन्याची, म्हणजे रायगेलची, बी८ महाराक्षसी. २००९ मध्ये लुईस हॉब्ज आणि सहकाऱ्यांनी याच ताऱ्यावर ४१४ पट्ट्यांची यादी केली, तेव्हा तुलनेला राजन्यच होता.

आपल्याकडची अडचण ऋतूची आहे. एचडी १८३१४३ शर नक्षत्रात, अधिक १८ अंश क्रांतीवर, म्हणजे गिरवलीहून जवळजवळ थेट डोक्यावरून जातो. पण मध्यरात्री डोक्यावर येतो जुलैत, आणि जुलैत डोक्यावर असतो तो पाऊस. ऑक्टोबरच्या अखेरीस संध्याकाळी पश्चिमेकडे कलायच्या आत हा तारा घ्यायचा आणि उत्तररात्री त्याच सेटिंगवर राजन्य. दोन्ही एका रात्रीत मिळाले की दिवा, फोकस, स्लिट सगळं तेच राहतं. राजन्य एवढा तेजस्वी आहे की चिप भरून जाते. एक लांब एक्सपोजर घेऊ नका, बरेच छोटे घ्या. तुलनेचा तारा फिरण्याच्या वेगात वेगळा असेल तर भागण्याआधी त्याच्या रेषा रुंद करून घ्या, नाहीतर प्रत्येक रेषेच्या जागी इंग्रजी डब्ल्यूसारखा ओरखडा उरतो.

४८८२ वर काम करणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. त्याच्या शेजारी हायड्रोजनची ४८६१ रेषा आहे. उत्सर्जन दाखवणाऱ्या बीई ताऱ्यांत ती रेषा महिन्या-महिन्याला बदलते आणि ४८८२ ला ओढून नेते. असे तारे यादीतूनच काढा. ६५३२ चं हायड्रोजनच्या ६५६३ शी तेच.

तांबड्या बाजूचे पट्टे

इथे शत्रू आपली हवा. ६२८४ च्या पट्ट्यावर ऑक्सिजनच्या रेषांची झालर पडते, ६९४० वर ऑक्सिजनचा बी पट्टा. याचं सगळ्यात मोठं उदाहरण ७७०० चं आहे. जवळपास १७५ अँगस्ट्रॉम रुंद असा हा पट्टा २०२१ मध्ये खेसुस माइस अपेयानिस आणि सहकाऱ्यांनी जाहीर केला. दृश्य प्रकाशाच्या इतक्या जवळ, एवढा मोठा, आणि शंभर वर्षं कुणाला दिसला नाही, कारण त्याचा निळा भाग वातावरणातल्या ऑक्सिजनच्या ७६०० च्या ए पट्ट्याखाली दबलेला होता. सगळे तिथला डेटा कापून टाकायचे.

तो मोजायचा तर हवेची दुरुस्ती तितक्याच एअरमासवरच्या (म्हणजे तेवढ्याच हवेतून दिसणाऱ्या), वेगाने फिरणाऱ्या उष्ण ताऱ्याने करा. लडाखमध्ये हॅनलेला ४५०० मीटरवर पाण्याच्या वाफेचा त्रास पुष्कळ कमी होतो, पण ऑक्सिजनचा तसा होत नाही, त्याच्या मुख्य रेषा तिथेही गच्च भरलेल्याच. आणखी दोन गोष्टी: ग्रिझममध्ये ऑर्डर अडवणारा फिल्टर नसेल तर ३८५० चा निळा प्रकाश दुसऱ्या ऑर्डरमधून बरोबर ७७०० वर येऊन पडतो, आणि पातळ केलेल्या सीसीडीवर तिथे फ्रिंजिंगच्या, म्हणजे चिपच्या आत प्रकाश परावर्तित होऊन होणाऱ्या, लाटा उठतात. फ्लॅट ताऱ्याच्या लगोलग घेतला तरच त्या जातात.

एवढं करूनही जुळत नसेल तर

एक शक्यता अशी की तुम्ही ज्याला कंटिन्यूअम म्हणताय तिथेही आंतरतारकीय द्रव्याचा हात आहे. २०२० मध्ये डर्क मासा, एडवर्ड फिट्झपॅट्रिक आणि कार्ल गॉर्डन यांनी हबलच्या स्पेक्ट्रमवरून दृश्य प्रकाशातल्या शोषणवक्रात ४३७०, ४८७० आणि ६३०० ला शेकडो अँगस्ट्रॉम पसरलेले फुगवटे दाखवले. पहिल्या दोघांचं नातं अतिनील भागातल्या २१७५ च्या मोठ्या उंचवट्याशी लागतं. म्हणजे ४४२८ ज्या उतारावर बसलाय तो उतारसुद्धा धुळीचा. तो उतार पट्ट्यात धरायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, पण सगळ्या ताऱ्यांना एकच नियम लावायचा, आणि तक्त्यात विड्थशेजारी खिडकीची दोन टोकं आणि कंटिन्यूअमचा घात लिहायचा. ज्या जुन्या मोजणीत हे लिहिलेलं नाही तिच्याशी स्वतःचा आकडा जुळवत बसू नका.

दुसरी शक्यता, फरक एकाच ताऱ्याच्या दोन रात्रींत नसून दोन ताऱ्यांत आहे. मग तो खरा असू शकतो. एचडी १८३१४३ आणि एचडी २०४८२७ यांचं रेडनिंग १.२७ आणि १.११, फारसं वेगळं नाही. तरी ५७८० पहिल्यात दुसऱ्याच्या तिपटीच्या आसपास आहे, आणि ५७९७ मधला फरक त्यामानाने पुष्कळ कमी. दुसऱ्या ताऱ्यासमोरचा ढग दाट, कार्बनच्या छोट्या रेणूंनी भरलेला. पहिल्यासमोरच्या द्रव्यात अतिनील किरणं जास्त शिरतात. पाचशेवर पट्ट्यांपैकी वाहक, म्हणजे पट्टा करणारा रेणू, पक्का सापडलाय तो फक्त एक, फुलरीनचा (साठ कार्बन अणूंच्या चेंडूचा) आयन, तोही जवळच्या अवरक्त भागात. ४४२८ कोण करतं हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे त्याने रेडनिंगच्या रेषेवरच बसावं असा हट्ट धरायला आधार नाही. दोन ताऱ्यांत तफावत आली की दोन्हींचं ५७८० भागिले ५७९७ काढा. तेही वेगळं येत असेल, तर स्प्लाइनला हात लावू नका.